सांगाडा धड आहे का?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. त्याच महिन्यात एनव्हिडियानं पास्कल पिढीच्या ग्राफिक्स कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, देणं बंद केलं. आता ऑक्टोबर २०२८पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. माझ्या टेबलाखालच्या संगणकात विंडोज १० होतं आणि कार्ड होतं पास्कल पिढीचं जीटीएक्स १०६०. एकाच महिन्यात दोन मोठ्या कंपन्यांनी त्याला म्हातारा ठरवलं. त्या रात्री मी बटण दाबलं तेव्हा तो नेहमी लागतो तेवढ्याच वेळात सुरू झाला.

वस्तू बिघडते तेव्हा निर्णय फारसा अवघड नसतो. दुरुस्तीचा खर्च विचारायचा, नव्याची किंमत विचारायची, दोन्हींची तुलना करायची. पण वस्तू चालू आहे, भोवतालचं जग मात्र पुढे गेलं आहे, अशा वेळी ती ठेवायची की काढायची हे कुणी ठरवायचं? गेले काही महिने मी या प्रश्नाशी झटते आहे. थोडी डागडुजी करून हाच संगणक चालवायचा की सरळ नवा बांधायचा, एवढाच तो प्रश्न. त्यात पैसे गुंतलेले आहेत, आठवणी आहेत, आणि आता वाटतं, थोडा स्वाभिमानही आहे.

संगणक २०१७च्या दिवाळीत बांधला. त्या वर्षी एप्रिलमध्ये एएमडीचा रायझन ५ १६०० आला होता. इंटेल आय५ म्हणून चार कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, देत होतं, त्याच किमतीच्या आसपास हा सहा कोअर आणि बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे, देत होता. दिवसा माझं ऑटोकॅडचं काम चालतं, रात्री खेळ, त्यामुळे मला दुसरं काही शोधायची गरजच वाटली नाही. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं आरएक्स ५८०, पण आभासी चलन खणणाऱ्यांनी तेव्हा बाजारातून ती कार्डं अक्षरशः उचलून नेली होती. मिळालं ते सहा जीबीचं १०६०. बी३५० मदरबोर्ड, आठ-आठच्या दोन डीडीआर४ रॅम, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, एक छोटी एसएसडी, एक टीबीची हार्ड डिस्क आणि १०८०पीचा साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर.

या मशीनवर माझा जीव का आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. माझा दादा जर्मनीत असतो. २०२०च्या टाळेबंदीत विमानं बंद झाली आणि त्याचं येणं लांबत गेलं, तेव्हा आम्ही दोघांनी ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती घेतली. लहानपणी डोंबिवलीच्या सायबर कॅफेत शेजारी बसून खेळायचो, ते आता साडेतीन-साडेचार तासांच्या घड्याळाच्या फरकानं खेळू लागलो. नंतर ‘फोर्झा होरायझन ५’ आला. मेक्सिकोच्या वाळवंटात दोन गाड्या समांतर चाललेल्या असायच्या, शर्यत कधीच संपून गेलेली असायची आणि आम्ही बोलत असायचो. फोनवर आम्ही आईची औषधं, बाबांचा गुडघा, सोसायटीचा पाण्याचा टँकर असं बोलतो. गाडी चालवताना वेगळं निघतं. त्याची नोकरी जाणार आहे हे त्यानं मला तिथेच सांगितलं, कुठल्यातरी पुलावरून जाताना, रस्त्याकडे बघत. समोरासमोर बसून असं सांगणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. हात आणि डोळे कशात तरी गुंतलेले असले की जमतं. ज्यांना गेम म्हणजे वेळ घालवणं वाटतं त्यांना मी हे नेहमी सांगते.

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ आला. चार जणांनी मिळून शिकार करायचा खेळ. दादा म्हणाला, ‘ये ना, एक जागा रिकामी आहे.’ मी त्या खेळाला किमान काय लागतं ते बघितलं. कार्ड जीटीएक्स १६६०, प्रोसेसर रायझन ५ ३६००. माझं कार्डही एक पायरी खाली आणि प्रोसेसरही. काही खेळांची दारं तर पूर्णच बंद झाली. ‘डूम: द डार्क एजेस’ला रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढायचं, हार्डवेअर कार्डातच असावं लागतं; ते १०६०मध्ये नाहीच, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणली तरी उपयोग नाही. तो खेळ नसला तरी माझं चाललं असतं. दादाच्या शेजारची जागा रिकामी राहणं मात्र मला लागलं.

इथून पुढे मी ठरवलं की आधी मोजायचं, मग खर्चाचं बोलायचं. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. ते लावलं की खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसत राहतात: कार्डावर किती टक्के भार आहे, प्रोसेसरवर किती, तापमान किती, प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, काढायला किती मिलिसेकंद लागले. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागून चालत नाही. सरासरी आकडा बघून फसायला होतं. सरासरी ५५ दिसते, पण मध्येच एखादी फ्रेम ६० मिलिसेकंद घेते आणि हाताला झटका जाणवतो. त्रास होतो तो त्या झटक्याचा. म्हणून फ्रेमच्या वेळेची रेघ बघायची. ती सपाट असेल तर कमी फ्रेमही सुसह्य वाटतात.

वाचायची रीत अशी: कार्ड ९८-९९ टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी झटके येतायत, तर प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवत नाही. आणि प्रोसेसरचा एकूण भार ४० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असं समजायचं नाही; बारापैकी एकच थ्रेड पूर्ण दमलेला असू शकतो. माझ्याकडे फोर्झात कार्ड दमत होतं. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये आठ खेळाडूंची सैन्यं एकमेकांत घुसली की प्रोसेसर दमत होता. म्हणजे दुखणं दोन ठिकाणी होतं. ‘कार्ड बदल, सगळं ठीक होईल’ हा सल्ला मला ज्यांनी दिला ते अर्धंच बरोबर होते.

मोजण्याआधी साफसफाई केली होती, आणि ती प्रत्येकानं आधी करावी असं मला मनापासून वाटतं. डोंबिवलीत चार महिने दमट हवा, वर एमआयडीसीकडून येणारी बारीक धूळ. पंख्यांच्या पात्यांवर चिकट काळपट थर बसतो. मऊ ब्रशनं तो काढला, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. १०६० कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःचा वेग आवरतं घेतं, आणि ते उन्हाळाभर तसंच चालत होतं. सफाईनंतर ते त्या आकड्याच्या बरंच खाली राहू लागलं. खर्च एका पेस्टच्या ट्यूबचा. ज्या खेळांत तशी सोय आहे तिथे एफएसआर सुरू केलं. एफएसआर म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करून दाखवायची एएमडीची पद्धत, जी एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालते. माझ्या कार्डाला त्याच्या स्वतःच्या कंपनीचं डीएलएसएस मिळत नाही, प्रतिस्पर्ध्याचं एफएसआर मिळतं. यामुळे कार्डाचं आयुष्य वाढलं याबद्दल मला एएमडीविषयी कृतज्ञता वाटते.

एवढं करूनही ‘वाइल्ड्स’ आवाक्याबाहेरच होता. एका रविवारी संगणक उघडून टेबलावर आडवा ठेवला होता आणि बाबा येऊन उभे राहिले. बाबांची सगळी नोकरी मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये गेली. लोकलमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं, पण मेल-एक्सप्रेसचा जुना निळा डबा दर अठरा महिन्यांनी पीओएचला जायचा, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त व्हायला. क्रेननं डब्याचं अंग उचलायचं, खालच्या बोग्या, म्हणजे चाकं बसवलेल्या चौकटी, काढून वेगळ्या पाठवायच्या, चाकं लेथवर चढवायची, ब्रेक, स्प्रिंगा, बेअरिंग सगळं तपासून लागेल ते बदलायचं आणि पुन्हा तोच डबा त्याच नंबरानं रुळावर. असा डबा पंचवीस वर्षं चालवतात. तोवर त्याच्याखालची चाकं कितीदा तरी बदललेली असतात.

बाबांनी आत डोकावून बघितलं आणि विचारलं, ‘सांगाडा धड आहे का?’

मी म्हटलं, ‘बाबा, यात सांगाडा म्हणजे काय धरायचं?’

‘ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ते. आमच्याकडे संडासाखालची फरशी आणि कडेचं सोलबार, म्हणजे खालची लांब तुळई, आधी बघायचे. तिथे पाणी मुरतं. तिथे गंज आत गेला असेल तर बाकीचं कितीही चांगलं असू दे, डबा कंडम. आणि ते धड असेल तर बाकीच्याची काळजी करू नकोस, बाकीचं बदलता येतं.’

मला हा प्रश्न फार उपयोगी पडला. इतके दिवस मी संगणकाच्या वयाचा विचार करत होते, एकेका भागाचा नाही. सांगाडा म्हणजे इथे मदरबोर्ड. मग त्याची तपासणी केली. कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत ना, मागच्या यूएसबीच्या खोबणींत आणि स्क्रूंवर गंज किती, रॅमच्या चारही खाचा चालतात का. मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवलं, एकही चूक निघाली नाही. मागच्या पत्र्यावर थोडा गंज होता, बोर्डावर नव्हता. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत मात्र खराब होऊन बदललेल्या सेक्टरांचा, म्हणजे साठवणीच्या कप्प्यांचा, आकडा शून्य राहिलेला नव्हता. तिच्यावरचे फोटो आणि ड्रॉइंग त्याच संध्याकाळी दुसरीकडे हलवले. पॉवर सप्लायची पाच वर्षांची वॉरंटी कधीच संपली होती. तो चालत होता. पण आमच्याकडे पावसाळ्यात दिवे लुकलुकतात, वीज जाते-येते, आणि हा एकच भाग असा आहे की जो मरताना सोबत इतरांनाही नेऊ शकतो. त्याच्या बाबतीत मी वाट बघायला तयार नव्हते.

मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला संगणकाच्या भागांचा बाजार. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचं नाव पाटीवर आहे, पण सगळे त्याला लॅमिंग्टन रोड याच नावानं ओळखतात. फास्ट लोकलनं दादर, तिथून वेस्टर्नची स्लो धरून ग्रँट रोड, पूर्वेला उतरून चालत. घरबसल्या सगळं मागवता येतं हे खरं, पण चार दुकानांत उभं राहून विचारलं की बाजाराचा श्वास कळतो. यंदा सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता: रॅम. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत तिचे भाव दुपटीहून वर गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभी राहणारी डेटा सेंटरं मेमरी गिळतायत आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांना तिकडे माल देणं जास्त परवडतं. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉननं ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातली पहिली रॅम क्रुशलची घेतली असेल. एका दुकानदारानं मला रॅमचा भाव वहीत लिहून दिला आणि म्हणाला, ‘मॅडम, हा आजचा. उद्या आलात तर पुन्हा विचारा.’

त्याच दुकानदाराचा सल्ला होता की पूर्ण नवाच घ्या. आठ वर्षं झाली, आता त्यात पैसे घालू नका. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एएम५ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) नवा रायझन, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ असा संच बांधला तर पुढची बरीच वर्षं बघायला नको. पण एएम५ला डीडीआर५च लागते. माझ्या चांगल्या चालणाऱ्या डीडीआर४ रॅम तिथे बसत नाहीत आणि नेमक्या याच वर्षी डीडीआर५ सोन्याच्या भावानं घ्यायची. मधला मार्गही होता, इंटेलचा आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चालणारा बोर्ड. तो प्रोसेसर चांगला आहे. पण त्यात बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही विकत घ्यायचे आणि बसायचं पुन्हा अशा सॉकेटवर ज्याच्यापुढे इंटेल निघून गेलं आहे. त्यापेक्षा माझा स्वतःचा सॉकेट काय वाईट होता?

इथे एएम४ची, म्हणजे माझ्या बोर्डावरच्या सॉकेटची, गोष्ट सांगायला हवी. २०१७मध्ये मी बोर्ड घेतला तेव्हा त्यावर पहिल्या पिढीचे रायझन चालायचे. २०२०च्या शेवटी रायझन ५००० मालिका आली. माझ्यासारख्या ३०० मालिकेच्या बोर्डांना ती मिळणार नाही असंच बराच काळ दिसत होतं. लोकांनी धरून ठेवलं, काही बोर्ड कंपन्यांनी आपणहून प्रयोग केले आणि २०२२मध्ये एएमडीनं अधिकृत पाठिंबा दिला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रायझन ५ ५६०० आला. पाच वर्षं जुन्या बोर्डावर तो फक्त बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, बदलून बसतो. माझ्या एका मैत्रिणीनं २०१७मध्येच इंटेलचा सातव्या पिढीचा आय५ घेतला होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली, सॉकेटचा आकार तोच, एलजीए ११५१, आणि तरी तिच्या बोर्डावर ती चालली नाही. तिची वाट पहिल्याच वर्षी संपली. आम्ही दोघींनी एकाच महिन्यात, जवळजवळ सारख्याच पैशांत खरेदी केली होती.

१६०० आणि ५६०० दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड आणि ६५ वॉटचे. मग फरक कुठे? १६००चे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत वाटलेले आहेत. प्रत्येक गटाची कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, आठ एमबीची, आणि एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर बाहेरून वळसा. ५६००मध्ये सहाही कोअर एका गटात, समोर ३२ एमबीची एकच कॅश. खेळ म्हणजे सतत थोडी थोडी माहिती मागणं आणि वाट बघणं. वाट बघणं कमी झालं की ते झटके जातात. वर ४.४ गिगाहर्ट्झचा वेग, जुन्याचा ३.६. आणि माझ्यासाठी आणखी एक गोष्ट: विंडोज ११च्या यादीत पहिल्या पिढीचा १६०० नाही, ५६०० आहे. ऑक्टोबरातल्या दोन कंपन्यांच्या निर्णयांपैकी एकाचं उत्तर प्रोसेसरच्या एका डबीत होतं. अतिशय वेगवान ५८००एक्स३डीही याच सॉकेटचा, पण मी शोधला तेव्हा तो बाजारात नवा मिळणं मुश्कील होतं.

पैशांचा विचार मी असा केला. आज घेतलेली वस्तू उद्याच्या नव्या संगणकात बरोबर येणार आहे का? पॉवर सप्लाय येईल. ग्राफिक्स कार्ड येईल. नवी एनव्हीएमई एसएसडी येईल. जुन्या सॉकेटवर कायमचा खर्च होणार तो फक्त प्रोसेसरचा, आणि या सगळ्यांत तोच स्वस्त. उद्या बोर्ड गेला तरी बी४५० किंवा बी५५० अजून मिळतात. म्हणजे मी ज्याला अपग्रेड म्हणत होते तो नव्या संगणकाचा पहिला हप्ताच निघाला. रॅम आणि बोर्डाचा हप्ता भाव उतरतील तेव्हा. असं मांडल्यावर माझी घालमेल थांबली.

कार्डाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल सगळीकडे भरपूर बोललं जातं. एकच मुद्दा जुन्या बोर्डवाल्यांनी ध्यानात ठेवावा. कार्ड आणि बोर्ड यांच्यातला माहितीचा रस्ता म्हणजे पीसीआयई; बी३५० बोर्डावर तो ३.० आवृत्तीचा आहे. आरटीएक्स ५०६० कार्ड त्यातल्या आठच लेन वापरतं. नव्या बोर्डावर त्यानं काही बिघडत नाही, पण ३.०वर तो रस्ता अरुंद पडतो, आणि कार्डाची आठ जीबी मेमरी भरली की अडचण आणखी वाढते. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं आणि सोळा जीबीत मिळतं. इंटेलचं आर्क बी५८० किमतीला चांगलं वाटलं होतं, पण जुन्या, मंद प्रोसेसरसोबत ते बरंच मागे पडतं. जुनं कार्ड घ्यायचाही विचार केला. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं खणणं थांबल्यावर बाजारात वापरलेली कार्डं खूप आली, आणि बारा जीबीचं आरटीएक्स ३०६० आजही उपयोगी आहे, शिवाय सोळा लेनचं. बजेट तंग असेल तर मी तेच सुचवेन. माझं कार्ड पुढच्या संगणकातही जायचं असल्यामुळे मी नवं ९०६० एक्सटी घेतलं, सोबत ६५० वॉटचा पॉवर सप्लाय.

आता काम. बायोस आधी बदलायचा, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा बसवून सुरू केलात तर जुना बायोस त्याला ओळखतच नाही आणि पडदा काळाच राहतो. माझ्या बोर्डाच्या पानावर लिहिलं होतं की मधली एक आवृत्ती आधी टाका, मग शेवटची. तसंच केलं. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासून घेतली, आणि वीज गेली तर गिझर, फ्रिज बघा, मला हाक मारू नका असं घरात सांगून ठेवलं.

एएम४चा कूलर काढताना घाई करू नये. या प्रोसेसरला खाली पिना असतात, आणि वाळलेली पेस्ट कूलरला प्रोसेसर असा चिकटवून ठेवते की कूलर सरळ वर ओढला तर बंद खटक्यातून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी संगणक थोडा वेळ भार देऊन चालवायचा म्हणजे पेस्ट नरम होते. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सैल करायचे आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे पिळायचा. एक क्षण येतो तेव्हा हाताला कळतं की पकड सुटली. मग उचलायचा. बाबा शेजारी टॉर्च धरून होते. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नवा प्रोसेसर ठेवला की तो स्वतःच्या वजनानं आत बसतो, दाबावा लागत नाही. बाबांना ते फार आवडलं. ‘फिटिंग असं पाहिजे,’ म्हणाले.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडद्यावर काही यायला बराच वेळ लागला. तो वेळ लागतोच. बोर्ड रॅमची ओळख नव्यानं करून घेत असतो. मग आकडे आले, प्रोसेसरचं नाव बरोबर आलं. बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला पूर्ण वेग देणारं सेटिंग, चालू केलं, नाहीतर ती २१३३ किंवा २४००वरच चालत राहते. विंडोज ११ला लागणाऱ्या टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू करून विंडोज ११ टाकलं.

‘एज ऑफ एम्पायर्स’मधल्या मोठ्या लढाईत फ्रेमच्या वेळेची रेघ आता सपाट आहे. मॉनिटर तोच १०८०पीचा, त्यामुळे कार्डाला दम खूप शिल्लक राहतो. चांगला मॉनिटर पुढे कधीतरी. शनिवारी मी आणि दादा शिकारीला गेलो. वाळवंटात वीज पडत होती, त्याच्या मागे मी, माझ्या मागे दोन अनोळखी जपानी खेळाडू. दादा सतत सांगत होता, इकडे ये, तिकडे जाऊ नकोस, औषध घे. मला सांगण्यात त्याला जो आनंद होत होता तो ऐकायला मी हे सगळं केलं.

जुनं १०६० आणि १६०० टेबलावर अँटिस्टॅटिक पिशव्यांत आहेत. दोन्ही धडधाकट आहेत, कचऱ्यात जायचं त्यांचं काहीच कारण नाही. बदलापूरचा भाचा ते मागतोय. त्याला व्हॅलोरंट खेळायचाय आणि १०६०ला तो जड नाही. पण जुना पॉवर सप्लाय मी त्याला देणार नाही. म्हणजे त्याच्यासाठी वापरलेला बी४५० बोर्ड, नवा पॉवर सप्लाय आणि रॅम बघायला हवी. १६०० विंडोज ११च्या यादीत नाही, विंडोज १०ची ग्राहकांसाठीची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६पर्यंतच, आणि लिनक्सवर व्हॅलोरंट चालत नाही, म्हणजे विंडोजचाही प्रश्न उरतोच. दहावीची परीक्षा झाली की आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला जाऊ. बोर्ड वापरलेलाच घ्यायचा असल्यामुळे बाबाही येणार म्हणालेत, टॉर्च घेऊन.